भातखाऊ मुलखात गहू टाळताना

"तुमचं बरं आहे, कोकणात राहता. भात खा, मासे खा, झालं." माझं निदान झालं तेव्हा डॉक्टरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी हेच ऐकवलं आणि मलाही ते पटलं. पुढचे पाच महिने मी पोळी, पाव, बिस्किटाला हात लावला नाही. तरी पोट बिघडलेलंच, आणि हिमोग्लोबिन नऊच्या वर सरकेना. कारण मागाहून सापडलं. आमच्या भाकरीचं पीठ ज्या गिरणीतून यायचं, तिथे माझ्या तांदळाच्या आधी कुणाचा तरी दहा किलो गहू दळलेला असायचा.

मी कुडाळ तालुक्यातली. मला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं झिजवणारा आजार, शिवाय कोळंबी-कुर्ल्यांची (खेकड्यांची) आणि काजूची ॲलर्जी. सिंधुदुर्गात राहून कोळंबी आणि काजू टाळायचे, म्हणजे पाहुण्यांच्या घरी निम्म्या ताटाला नमस्कार करून उठायचं. हा लेख ज्यांना नुकतंच निदान कळलं आहे आणि ज्यांच्या घरात आज रात्री काय शिजवायचं यावर खल चालू आहे, त्यांच्यासाठी आहे. एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. "यात काय आहे?" एवढ्यावर थांबू नका. ते कुठे दळलं, कशात तळलं, कुठल्या डावाने वाढलं, हेही विचारा. आपल्याकडचे पदार्थ बहुतेक निर्दोषच असतात, घोटाळा वाटेत होतो.

पहिली पायरी: तपासणी झाल्याशिवाय गहू सोडू नका

हे उलटं वाटेल, पण महत्त्वाचं आहे. सिलिॲकची रक्ततपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए. गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती त्यात मोजतात. गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येतो. "पोळी सोडल्यापासून बरं वाटतंय" म्हणणाऱ्यांना मग पुन्हा सहा ते आठ आठवडे रोज गहू खाऊन तपासणी करून घ्यावी लागते, आणि ते दिवस फार वाईट जातात.

आपल्या बाजूला यात आणखी एक मेख आहे. दोन्ही वेळ भात आणि सकाळी घावन खाणाऱ्या माणसाच्या पोटात मुळात गहू कमीच जातो, त्यामुळे तपासणी चुकीची 'ठीक' येऊ शकते. डॉक्टरांना आठवड्यात किती पोळ्या, किती पाव पोटात जातात ते आकड्यात सांगा. टीटीजीबरोबर एकूण आयजीएही (हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) तपासायला सांगा. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, मग टीटीजीचा अहवाल फसवतो. रक्तात सापडलं की बहुधा एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीचे छोटे तुकडे तपासतात. आमच्याकडची माणसं त्यासाठी गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जातात. एक दिवसाचं काम असतं, घाबरण्यासारखं काही नाही.

मला चार वर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. "बायकांचं रक्त कमीच असतं" हे वाक्य मी एका दवाखान्यात इतक्यांदा ऐकलं की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला. गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर ते लोह आतड्यात शोषलं जातंय का, हा प्रश्न तुम्हीच विचारा.

एकाला सिलिॲक निघालं की आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही रक्ततपासणी करतात. लक्षणं नसली तरी करतात. माझ्या भावाने दोन वर्षं टाळलं, शेवटी वहिनीने नेलं. त्याचं ठीक निघालं.

दुसरी पायरी: दोन दुखणी वेगळी ओळखा

लोकांना समजावताना आपण सोयीसाठी सगळ्यालाच 'ॲलर्जी' म्हणतो. पण स्वतःच्या डोक्यात हिशेब वेगळा ठेवा.

सिलिॲक ही ॲलर्जी नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यातून अन्न शोषलं जातं. ते झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं यांची चणचण, हाडं ठिसूळ होणं, थकवा. हे सावकाश होतं. काहींना पोटात काहीच कळत नाही आणि आत झीज चालूच राहते. म्हणून "थोडं खाल्लं तर मला काही होत नाही" याला अर्थ नाही. उपाय एकच, ग्लूटेन जन्मभर बंद.

कोळंबी किंवा काजूची ॲलर्जी याच्या उलट. काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, उलट्या, श्वास कोंडणं, चक्कर. जीव जाऊ शकतो, पण वेळेवर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मिळालं तर माणूस बरा होतो. थोडक्यात, गहू चुकून लागला तर दवाखान्याकडे धावायचं कारण नाही, पाणी प्या, आराम करा, वहीत नोंद करा. कोळंबी लागली तर नोंद नंतर, आधी इंजेक्शन. एकच अपवाद. काहींना सिलिॲकशिवाय गव्हाची खरी ॲलर्जीही असते, त्यांना गव्हानेही गांधी उठतात. त्यांनी हा हिशेब आपल्या डॉक्टरांकडून करून घ्यावा.

आणि हो, रक्ताचा एक नमुना देऊन दोनशे पदार्थांची 'हे खाऊ नका' यादी देणारी पॅकेजं मिळतात. त्यातल्या आयजीजी (दुसऱ्या एका प्रतिपिंडाच्या) चाचणीला ॲलर्जीच्या निदानात किंमत नाही. अशा यादीपायी माझ्या ओळखीतल्या एका मुलाने दूध, अंडी, नारळ, डाळी सगळं सोडलं होतं आणि तो नुसता वाळत गेला. पथ्य आधीच मोठं आहे, उगाच वाढवू नका.

तिसरी पायरी: पहिला आठवडा पेजेवर काढा

पहिल्या आठवड्यात पर्यायी ब्रेड, केक यांच्या मागे लागू नका. ते महाग असतात आणि चवीला पुठ्ठा. आपल्याकडे पेज आहे. उकड्या तांदळाची पेज म्हणजे अख्खा दाणा, पाणी आणि मीठ. गिरणी नाही, फोडणी नाही, हिंग नाही. बरोबर भाजलेला बांगडा, उकडलेला सुरण, कुळीथ, ओल्या नारळाची चटणी. तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी, मका, सगळ्या डाळी, नारळ, फळं, भाज्या, अंडी, मासे यांत स्वभावतः ग्लूटेन नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणून तिला रोजच्या जेवणात जागा द्या. सुरुवातीला दूध पचत नसेल तर दचकू नका. दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य त्याच झिजलेल्या उंचवट्यांवर तयार होतं. आतडं भरून आलं की बहुतेकांना दूध पुन्हा चालू लागतं. तोवर नारळाचं दूध आहेच, फक्त कॅल्शियमची भरपाई त्यातून होत नाही.

धान्य आणि डाळी मात्र निवडून घ्या. माझ्या सासूबाई सुपात अख्खा मसूर घेऊन ओटीवर बसल्या होत्या. सूप एकदा पाखडलं, बोटाने कडेला काहीतरी सारलं आणि मला हाक मारली. तीन गव्हाचे दाणे होते. किलोभर मसुरात तीन. तोपर्यंत त्यांना माझं पथ्य हे डॉक्टरी खूळ वाटत होतं, त्या दिवसापासून घरातली प्रत्येक डाळ त्याच निवडतात, चष्मा लावून. निवडून झालं की दोन-तीन पाण्यांनी धुवा.

चौथी पायरी: गिरणीचा प्रश्न सोडवा

इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्या भागात बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

आधी मोजमाप. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंतची नकळत भेसळ सोसते, 50 मिलिग्रॅम रोज गेलं तर आतड्याला इजा होते असं आढळलेलं आहे. आता 30 ग्रॅम कणकेची एक पोळी घ्या. तिच्यात ढोबळमानाने अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे 10 मिलिग्रॅम हा त्या पोळीचा अडीचशे-तीनशेवा भाग झाला. पोळीचे अडीचशे तुकडे करून बघा, एक तुकडा म्हणजे नखाएवढासुद्धा नाही. गिरणीच्या दगडात, नळीत, चाळणीत, कापडी पिशवीत यापेक्षा कितीतरी जास्त पीठ चिकटून असतं.

आमच्या वाडीच्या गिरणीत दोन चक्क्या आहेत, एक गव्हाची, एक तांदळाची. गिरणीवाले दादा भले माणूस. मला म्हणाले, "वैनी, तांदळाच्या चक्कीत मी गहू घालूचंय नाय." मी निर्धास्त झाले. एकदा दळण न्यायला मीच गेले होते. गव्हाच्या चक्कीवर रांग, आणि एक आजोबा दोन किलो गहू घेऊन उभे. "ह्येच्यातच घाल रे, पीठ ता पीठ." दादांनी माझ्याकडे बघितलं, मग आजोबांकडे, आणि गहू ओतला. करणार काय, आजोबांची एसटी होती. शिवाय गिरणीत नुसतं उभं राहिलं तरी केसांवर, भुवयांवर पीठ बसतं, ते काय चक्की ओळखून बसतं?

काही जण "आधी किलोभर तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढायचं, मग आपलं दळायचं" असं सुचवतात. त्याने भेसळ कमी होते, जात नाही. मी करून पाहिलेले चांगले मार्ग हे:

सगळ्यात सोपा, दळणच टाळा. ओलं वाटलं की गिरणीची गरज नाही. घावनासाठी तांदूळ रात्रभर भिजवा, सकाळी मिक्सरला अगदी बारीक वाटा, मीठ आणि थोडा ओला नारळ घाला, ताकाएवढं पातळ करा. बिडाचा तवा चांगला तापला की कडेकडून ओता, झाकण ठेवा. जाळी पडली नाही तर पीठ दाट आहे किंवा तवा थंड आहे. आंबोळीला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी, भिजवून वाटून रात्रभर आंबवा. या दोन पदार्थांवर माझे आठवड्यातले पाच दिवस जातात.

भाकरीला आणि उकडीला कोरडं पीठ लागतं. तांदूळ धुऊन सावलीत फडक्यावर वाळवा, हाताला दमट लागत नाहीत एवढे झाले की थोडे थोडे करून मिक्सरला फिरवा आणि बारीक चाळणीने चाळा. वरचा चाळ पुन्हा फिरवा. गिरणीइतकं मऊ येत नाही, पण उकड काढून भाकरी केली तर थापताना चिरत नाही. पावसात तांदूळ वाळत नाहीत, म्हणून मेअखेर दोन-तीन डबे भरून ठेवते. नाचणीही अशीच.

आणि परवडत असेल तर घरघंटी. घ्यायची तर नवीन घ्या, कुणाची वापरलेली नको, आणि घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा की तिच्यात गहू एकदाही जाणार नाही. नणंद दिवाळीला आली की "एवढंसं दळून घेते" म्हणणारच. माझ्या घरघंटीच्या झाकणावर मी लाल रंगाने 'गहू बंद' लिहिलं आहे.

मालवणी मसाल्याचंही तेच. मिरच्या-धणे कांडपावर न्यायचे तर आधी बघून या, त्याच खोलीत पिठाची गिरणी आहे का. मी मसाला भाजून घरीच मिक्सरला करते, तीन फेऱ्यांत होतो.

पाचवी पायरी: स्वयंपाकघर वाटून घ्या

घरातल्या इतरांनी गहू सोडलाच पाहिजे असं नाही, पण लाकडी पोळपाट-लाटणं, लोखंडी तवा, चाळणी, गाळणी आणि उलथनं तुमचं वेगळं हवं. लाकडाच्या फटीत आणि जुन्या तव्याच्या थरात पीठ राहतं, घासून जात नाही. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. तुमचं जेवण आधी करा, कणीक नंतर मळा. लोणच्याच्या बरणीत पोळी धरलेल्या हाताने चमचा गेला की ती बरणी तुमची राहिली नाही. मी माझ्या भांड्यांच्या कड्यांना निळा दोरा बांधते. नवरा सुरुवातीला चेष्टा करायचा, आता तोच पाहुण्यांना ओरडतो, "निळा दोरा, निळा दोरा!"

सहावी पायरी: लपलेला गहू शोधा

हिंग सगळ्यात आधी. बाजारातल्या डबीतला हिंग शुद्ध नसतो. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, डबीवरची बारीक अक्षरं वाचा. वरण, उसळ, आमटी, ताक, लोणचं, पापड, जिथे फोडणी तिथे हिंग. म्हणूनच बाहेर 'साधं वरण' हा मला सगळ्यात संशयास्पद पदार्थ वाटतो.

मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत असतो. कोंबडी-वड्यांच्या पिठात तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी असते आणि कित्येक घरांत मूठभर गहूही घालतात, तेव्हा 'वडे तांदळाचेच' या शब्दावर जाऊ नका. सातूचं पीठ, कुरडया, शेवया, दलिया बंद. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, माल्ट घातलेले कॉर्नफ्लेक्स, बिअर यांत जव. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस बहुधा गव्हाचा. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते, पहिलं वर्षभर तरी नकोच. औषधाच्या गोळ्यांत क्वचित गव्हाचा स्टार्च असतो, औषधवाल्याकडून खात्री करून घ्या.

नावं फसवतात. फणसपोळी आणि आंबापोळीत पोळी नाही, नुसता वाळवलेला रस. शिरवाळे शेवयांसारखे दिसले तरी तांदळाचे. खांडवी, धोंडस तांदळाच्या रव्याचं, पण दुकानात नुसता 'रवा' मागितला की गव्हाचाच हातात येतो.

पाकीटबंद मालावर गहू, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणा, काजूसारखी कवचफळं, सोया यांचा उल्लेख करणं नियमाने बंधनकारक आहे, तो वाचत चला. 'अमुक असू शकतं' अशी सूचना मात्र ऐच्छिक आहे, ती नाही म्हणून माल सुरक्षित ठरत नाही. आठवड्याच्या बाजारातल्या सुट्या पिठाला तर लेबलच नसतं. सुटं बेसन मी घेतच नाही.

सातवी पायरी: मासळीबाजार आणि काजू

ज्याला कोळंबी चालत नाही त्याला कुर्ल्या, शेवंडही (लॉबस्टर) बहुतेक चालत नाहीत, कारण तिन्हींत जवळजवळ सारखंच प्रथिन असतं. तिसऱ्या, कालवं, मुळे हा शिंपल्यांचा वेगळा वर्ग, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. बांगडा, सुरमई, पेडवे यांचा याच्याशी संबंध नाही. मासे मला चालतात, आणि त्यासाठी मी देवाची आभारी आहे.

पण बाजारात एकाच टोपलीत, एकाच बर्फाच्या पाण्यात सुरमई आणि कोळंबी शेजारी पडलेली असतात, आणि मासे कापायची कोयती एकच. मी मासा अख्खा घेते, घरी येऊन धुते आणि स्वतःच कापते. ओळखीच्या मावशी आता मला बघितल्यावर कोळंबीची टोपली सरकवून ठेवतात. सुक्या मासळीत जवळा (बारीक सुकी कोळंबी) आणि सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) यांचा चुरा सगळीकडे पसरतो, म्हणून सुका बांगडाही त्या ढिगातला घेत नाही. दोडक्याच्या भाजीत जवळा, वांग्यात सोडे, हे घालणाऱ्याला सांगण्यासारखं वाटतही नाही, 'चवीपुरते' असतात. कोळंबी शिजताना उठणाऱ्या वाफेनेही काहींना धाप लागते. मी तेव्हा अंगणात जाते.

काजूची ॲलर्जी असेल तर पिस्ताही बंद समजा. हे दोन्ही जवळचे नातलग आहेत. काजूच्या टरफलातल्या चिकाने हात भाजतात ते मात्र वेगळं प्रकरण, ते कुणालाही होतं. हॉटेलातली कुठलीही पांढरट, गोडसर ग्रेव्ही काजूची धरून चाला. ओल्या काजूंच्या मोसमात उसळीचा डाव आमटीत जातो. नारळीभात, लाडू, खीर यांत वरून पेरलेले काजू बाजूला काढून उपयोग नसतो.

आठवी पायरी: इंजेक्शन जवळ ठेवा

तीव्र ॲलर्जीवर पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेटिरिझिनची गोळी खाज कमी करते, बंद होणारा घसा उघडत नाही. गोळी घेऊन 'बघू थोडा वेळ' यात वेळ जातो. परदेशात मिळणारी पेनसारखी तयार इंजेक्शनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून डॉक्टरांकडून ॲम्प्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज लिहून घ्या, वजनाप्रमाणे मात्रा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि घरातल्या दोघांना तरी ते भरायला आणि टोचायला शिकवा. आम्ही मुदत संपलेल्या ॲम्प्यूलवर नि मोसंब्यावर सराव केला. माझ्या मुलीचा हात नवऱ्यापेक्षा स्थिर आहे.

ॲम्प्यूल उन्हात आणि उष्णतेत खराब होते. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, फ्रीजमध्येही नको, काळोख्या थंड कपाटात ठेवा. टोचल्यावर माणसाला आडवं झोपवा आणि पाय उंच करा. श्वास कोंडत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. 108 ला फोन करा. फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी दुसरी मात्रा द्यायची असते, म्हणून दोन ॲम्प्यूल हव्यात. बरं वाटलं तरी दवाखान्यात जाऊन काही तास थांबायचं, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. आपली वाडी घाटीत असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच जाऊन सांगून ठेवा, त्यांच्याकडे ॲड्रेनलिन आहे का ते विचारून या.

नववी पायरी: बाहेर जेवायचं झालं तर

'ग्लूटेन' हा शब्द खानावळीत उच्चारू नका, त्याने गोंधळ वाढतो. मी मोठ्या अक्षरांत कार्ड करून घेतलं आहे आणि ते मालकाला नाही, थेट स्वयंपाक करणाऱ्या बाईंना दाखवते:

"मला गहू, मैदा, रवा, डबीतला हिंग, कोळंबी, जवळा, सोडे, कुर्ल्या आणि काजू यांनी आजार होतो. थोडंसं लागलं तरी दवाखान्यात जावं लागतं. माझा मासा रवा न लावता, फक्त मीठ-हळद-मिरची लावून, धुतलेल्या तव्यावर नव्या तेलात भाजावा. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी साधा भात आणि नारळपाणी घेईन."

शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. नाही म्हणायची वाट ठेवली की माणसं खरं बोलतात. रवा हा किनाऱ्यावरचा मोठा शत्रू. रव्यात घोळवलेली सुरमई ज्या तव्यावर झाली, त्याच तव्यावर तुमचा बिनरव्याचा बांगडा आला की काम झालं. तांदळाच्या पिठात घोळवून तळा म्हटलं तरी तेल कुठलं ते बघावं लागतं. सोलकढी मला बहुतेक ठिकाणी चालते, फक्त वाटी आणि डाव वेगळा. ताटात न मागताच येणारी सुकटीची (सुक्या जवळ्याची) चटणी आधीच नको म्हणा, नंतर उचलून ठेवली तरी तिचं तेल भातात उतरलेलं असतं.

रेल्वेने जाताना मी डबा घेऊन निघते. घावन आठ-नऊ तास टिकतात, चटणी टिकत नाही, म्हणून बरोबर गूळ आणि केळी.

दहावी पायरी: सण

सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे गव्हाच्या रव्याचा शिरा. पहिल्या वर्षी चुलत सासूने तळहातावर ठेवला. मी हळूच "नको" म्हटलं तर म्हणाल्या, "खा गो, देवाचो प्रसाद तो, काय होवचा नाय." सगळ्यांसमोर खाल्ला आणि चार दिवस गेले. आता मी पूजेच्या आदल्या दिवशी फोन करते आणि तीर्थ व नैवेद्याचं केळं माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगते. नकार प्रसाद हातात आल्यावर द्यायचा नसतो, तेव्हा तो अपमान वाटतो. आदल्या दिवशी सांगितलं की तोच निरोप होतो. आमच्या घरच्या पूजेला मी शिरा वरीचा करते. भटजींनी दोनदा घेतला आणि काही विचारलं नाही.

गणपतीत उकडीचे मोदक, पातोळ्या चालतात, पीठ तुमचं असेल तर. तळणीचे मोदक, नेवऱ्या, पुरणपोळी नाहीत. रात्री भजनाला उसळ-पाव येतो, तेव्हा उसळीच्या पातेल्यात पाव बुडवणारे हात जायच्या आधी स्वतःची वाटी काढून घ्या, हिंगाची खात्री असेल तरच. चाकरमानी मुंबईहून मिठाईचे खोके आणतात, ते सगळे काजूचे धरा. माझा सगळ्यात निवांत दिवस ऋषिपंचमीचा. बैलाच्या कष्टाचं धान्य त्या दिवशी चालत नाही, भाजीत अळू, माठ, भोपळा, सुरण, मका, आणि आमच्याकडे तिला ना फोडणी ना हिंग. अख्खं घर माझ्या पथ्यावर असतं. उपवासाचे दिवसही सोपे, वरी, साबुदाणा, राजगिरा. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांना मात्र उपवास हाच सगळ्यात धोक्याचा, कारण दाण्याच्या कुटाशिवाय आपली खिचडी होत नाही.

अकरावी पायरी: पुन्हा तपासणी

सहा महिन्यांनी आणि वर्षाने टीटीजी पुन्हा करा. आकडा उतरत असेल तर पथ्य जमतंय. उतरत नसेल तर कुठून तरी गहू येतोय, आणि तो बहुधा गिरणीतून, हिंगातून किंवा बेसनातून. मोठ्या माणसाचं आतडं भरून यायला वर्ष-दोन वर्षं, कधी जास्तही लागतात. लोह, ब12, फॉलिक ॲसिड, जीवनसत्त्व ड, थायरॉईड यांची तपासणीही त्याच रक्तात होते, आणि हाडांच्या घनतेचं डॉक्टरांना विचारा. माझं टीटीजी खाली यायला चौदा महिने लागले. रक्त द्यायला पहाटेच्या एसटीने जायचं असतं, उपाशीपोटी जायला सांगितलं असेल तर घावनाचा डबा पिशवीत ठेवा. प्रयोगशाळेच्या दारात जे कॅन्टीन असतं, तिथे सकाळी पाववडा आणि शिरा याशिवाय काही मिळत नाही.